दसरा ते डिसेंबर : विद्यार्थी मदत निधी, शिष्यवृत्ती आणि देणग्यांविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बीड जिल्हा आणि त्याला लागून असलेली पाथर्डी-शेवगावकडची गावं हा ऊसतोडीचा पट्टा. दसऱ्याचं सोनं वाटून झालं की इथल्या टोळ्या पश्चिम महाराष्ट्राकडे आणि कर्नाटकाकडे निघतात. नेमक्या त्याच सुमाराला महाविद्यालयाचं पहिलं सत्र संपत येतं, परीक्षेचे फॉर्म सुटतात आणि शिष्यवृत्तीच्या टेबलासमोर रांग लागते. त्या टेबलामागे बसणाऱ्याला विद्यार्थी, पालक आणि माजी विद्यार्थी दर वर्षी जे विचारतात, त्याची ही उत्तरं आहेत. यातलं बरंचसं 2025-26 या वर्षाला धरून आहे.

मदतीची हाक दिवाळीच्या तोंडावरच का? फी तर जूनमध्येच भरून झालेली असते ना?

जूनची फी कशीबशी निघते. कोणी बचत गटातून उचलतं, कोणी शेळी विकतं, कोणी मामाकडून आणतं. प्रवेश ही घरातली मोठी गोष्ट असल्यामुळे सगळं घर त्या पैशामागे लागतं. ऑक्टोबरात कोणी मागे लागत नाही. ऊसतोडीसाठी मुकादमाकडून आगाऊ घेतलेली उचल जुनी देणी फेडण्यात केव्हाच संपलेली असते, सोयाबीन खळ्यावर असतं नाहीतर भिजलेलं असतं. 2025-26 साठी सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला 5,328 रुपये जाहीर झाला खरा, पण काळवंडलेलं, ओलं सोयाबीन त्या भावानं घेतंय कोण? सप्टेंबर 2025 मध्ये मराठवाड्यात आणि सोलापूर भागात जी अतिवृष्टी झाली, तिच्यात कित्येकांच्या शेताची मातीच वाहून गेली.

बाहेरच्या माणसाच्या सहसा लक्षात न येणारी एक गोष्ट आहे, ती म्हणजे डबा. तालुक्याला खोली करून राहणाऱ्या कितीतरी मुलांचा डबा गावाहून एसटीनं येतो. सकाळी आई फाट्यावर येऊन कंडक्टरकडे डबा देते, पोरगा स्टँडवर उतरवून घेतो. झाकणावर नाव रंगवलेलं, कडीला कापडाची चिंधी बांधलेली. त्या डब्यात दोन वेळच्या भाकरी असतात, म्हणून खाणावळीचा खर्च नसतो. आई-वडील फडावर गेले की दुसऱ्या दिवसापासून डबा बंद. खोलीभाडं तेवढंच राहतं, खाण्याचा खर्च मात्र एकदम अंगावर येतो, आणि शिष्यवृत्तीचा अजून पत्ता नसतो. मुलं कॉलेज सोडतात ती या सहा-आठ आठवड्यांत. मार्चमध्ये आलेली मोठी देणगी त्यांच्या उपयोगाची नसते.

सर, घरचे तोडीला चाललेत. मी पण गेलो तर हजेरीचं काय?

आधी येऊन सांग, मग जा. एवढं केलंस तरी निम्मं काम झालं.

हजेरीची 75 टक्क्यांची अट आहे. नव्या शैक्षणिक धोरणानुसार आमच्यासारख्या संलग्न महाविद्यालयांत 2024-25 पासून पहिल्या वर्षाला जी रचना आली, तिच्यात अंतर्गत मूल्यमापनाचं वजनही वाढलं आहे. म्हणजे शेवटच्या महिन्यात नोट्स पाठ करून पेपर काढण्याची जुनी युक्ती आता पूर्वीसारखी चालत नाही. चाचणी चुकली तर ती पुन्हा घेता येते, पण शिक्षकाला आधी कळलेलं असेल तरच. डिसेंबरात उगवून "सर, तेवढं बघा ना" म्हणणाऱ्याच्या बाबतीत शिक्षकाचेही हात बांधलेले असतात.

जाणाऱ्यांतही प्रकार आहेत. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता, एकटा माणूस म्हणजे अर्धा कोयता. घरात कर्ता भाऊ नसला की कॉलेजातल्या पोराला अर्धा कोयता म्हणून धरतात आणि त्याच्या नावावरही उचल घेतलेली असते. अशा मुलाला "जाऊ नकोस" असं नुसतं सांगून भागत नाही. त्याच्या घरच्यांशी बोलावं लागतं. काही वेळा तो परीक्षेपर्यंत थांबतो आणि मग टोळीला जाऊन मिळतो. 2025 चा गाळप हंगाम 1 नोव्हेंबरला सुरू करायचं ठरल्यामुळे त्या वर्षी ही तडजोड जेमतेम एका महिन्याची उरली.

मुलींचं निराळं. धाकट्या भावंडांना आणि म्हातारीला सांभाळायला थोरलीला गावातच ठेवून जातात. ती फडावर जात नाही, पण वर्गातही येत नाही. हजेरीपटावर दोघांची गैरहजेरी सारखीच दिसते.

महाडीबीटीचा, म्हणजे सरकारी शिष्यवृत्तीचा ऑनलाइन फॉर्म ऑगस्टमध्येच भरलाय. पैसे कधी येणार?

तारीख सांगता येत नाही, आणि जो सांगतो त्याच्यावर विश्वास ठेवू नका. अर्ज महाविद्यालय तपासतं, मग जिल्हा पातळीवर समाजकल्याण किंवा संबंधित विभाग तपासतो, मग निधी उपलब्ध होईल तसं बिल निघतं. पुष्कळदा त्याच वर्षाची रक्कम पुढच्या वर्षी येते. आपला विद्यार्थी मदत निधी आहे तो हे मधले महिने ढकलण्यासाठीच.

तोवर एवढं बघा. दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाला असाल तर नूतनीकरणाचा अर्ज केलाय का? एकदा भरला की तीन वर्षं चालतो, हा समज फार पसरलेला आहे आणि तो चुकीचा आहे. अर्जाची स्थिती उघडून पाहा. 'सेंड बॅक' दिसत असेल तर तो तुमच्याकडे परत आलेला आहे. काय चुकलंय ते तिथंच लिहिलेलं असतं, बहुतेक वेळा उत्पन्नाच्या दाखल्याची मुदत संपलेली असते नाहीतर रेशनकार्डाचं दुसरं पान जोडलेलं नसतं. अर्ज कॅफेवाल्यानं भरला असेल तर पासवर्ड त्याच्याच वहीत असतो. तो आजच्या आज घ्या आणि मोबाईल नंबर स्वतःचा टाका.

बँकेत आधार लिंक केलंय, पावतीही आहे. तरी मैत्रिणीला पैसे आले, मला नाही.

आधार खात्याला जोडणं वेगळं आणि थेट लाभाच्या रकमेसाठी एनपीसीआयच्या (बँकांमधले व्यवहार जोडणाऱ्या संस्थेच्या) यादीत तुमच्या आधारसमोर कोणती बँक आहे, हे वेगळं. त्या यादीत एका वेळी एकच बँक असते, शेवटची जोडलेली. सिमकार्ड घेताना दुकानदारानं मोबाईलवर एखादं पेमेंट बँकेचं खातं उघडून दिलं असेल तर पैसे त्या खात्यात जाऊन बसलेले असू शकतात. आधारच्या संकेतस्थळावर 'बँक सीडिंग स्टेटस' बघता येतं. दुसरीच बँक दिसली तर आपल्या शाखेत जाऊन "डीबीटीसाठी सीडिंग करायचंय" असं स्पष्ट सांगा. नुसतं "आधार लिंक" म्हटलंत तर केवायसी करून तुम्हाला परत पाठवतील.

खात्यावर अचानक मोठी रक्कम आली आहे. ही माझी की कॉलेजची?

अनुसूचित जातीच्या मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीत 2020-21 पासून केंद्राचा वाटा 60 टक्के आणि राज्याचा 40 टक्के आहे. केंद्राचा वाटा थेट विद्यार्थ्याच्या खात्यात येतो आणि त्यात निर्वाह भत्त्याबरोबर महाविद्यालयाच्या शुल्काचा भागही असतो. भत्ता तुमचा, शुल्क महाविद्यालयाचं. घरात अडचण असताना खात्यावर आलेले पैसे न वापरणं किती अवघड, हे ठाऊक आहे. वापरले गेले असतील तर लपवू नका, लेखाविभागात येऊन हप्ते ठरवून घ्या. आणि जिला शुल्काची शिष्यवृत्ती मंजूर होणार आहे, तिच्याकडे आम्ही ते शुल्क आगाऊ मागत नाही. कोणी मागितलं तर थेट प्राचार्यांना भेटा.

मी खुल्या गटातला आहे. मला काहीच नाही का?

आहे. वार्षिक उत्पन्न 8 लाखांपर्यंत असेल तर राजर्षी छत्रपती शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती आहे. घराबाहेर राहून शिकणाऱ्यांसाठी डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता आहे, तो नोंदणीकृत मजूर आणि अल्पभूधारक यांच्या मुलांना जास्त मिळतो. मात्र तो प्रत्येक अभ्यासक्रमाला लागू नाही, यादी बघूनच अर्ज करा. शाहू महाराज योजनेत कुटुंबातल्या पहिल्या दोन अपत्यांची अट आहे, तिथं बरेच जण अडकतात.

"मुलींचं सगळं शिक्षण मोफत झालं" असं ऐकून आलेल्या पालकांना दर आठवड्याला समजावावं लागतं. 8 जुलै 2024 चा शासन निर्णय आहे तो व्यावसायिक अभ्यासक्रमांसाठी, केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेतून आलेल्या आणि 8 लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या आर्थिक दुर्बल, सामाजिक-शैक्षणिक मागास आणि इतर मागास गटातल्या मुलींसाठी. तिथं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ होतं. बी.ए., बी.कॉम.ला तो निर्णय लागत नाही.

सरकारी वसतिगृहात नंबर लागला नाही.

अनुसूचित जाती आणि नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना, आदिवासी विद्यार्थ्यांसाठी पंडित दीनदयाळ उपाध्याय स्वयम् योजना, इतर मागास, विमुक्त-भटक्यांसाठी ज्ञानज्योती सावित्रीबाई फुले आधार योजना. जेवण, निवास आणि निर्वाहासाठी पैसे थेट खात्यात. स्वाधारमध्ये मुंबई-पुणे-नागपूरसारख्या शहरांत वर्षाला 60,000 रुपये, इतर महापालिका क्षेत्रांत 51,000, जिल्ह्याच्या ठिकाणी 43,000. वंजारी समाजाची मुलं भटक्या जमातींत येतात, या भागात तीच जास्त, आणि आधार योजनेची माहिती त्यांनाच सर्वांत कमी असते. वसतिगृह आणि यातली योजना असं दोन्ही एकदम घेता येत नाही.

एसटीच्या पासचे पैसे निधीतून मिळतात का?

मिळतात. विद्यार्थी पासवर 66.67 टक्के सवलत असल्यामुळे उरलेला तिसरा हिस्साच भरायचा असतो. मुलींचा मोफत पास बारावीपर्यंतच आहे, त्यामुळे प्रथम वर्षाला आल्यावर पहिल्या महिन्यात धक्का बसतो. निधीतला सगळ्यांत सार्थकी लागणारा खर्च कोणता म्हणाल, तर माझं मत पासाला. रक्कम लहान आणि परिणाम हजेरीपटावर दुसऱ्याच दिवशी दिसतो.

निधीतून किती मिळतं? परत करावे लागतात का?

ठरलेला आकडा नाही, खर्च बघून ठरतं. परीक्षा शुल्क, पास, एक-दोन महिन्यांची खाणावळ, चष्मा, पुराच्या पाण्यात गेलेली पुस्तकं, अशा गोष्टींना पैसे दिले जातात. शक्य तिथं रोख न देता खाणावळवाल्याला किंवा आगारात परस्पर भरतो. विद्यार्थ्यावर अविश्वास म्हणून नाही, हातात रोख पडली की घरची निकड आधी उभी राहते म्हणून.

परत करायची सक्ती नाही. शिष्यवृत्ती आल्यावर ज्याला जमेल त्यानं जमेल तेवढं भरावं, पुढच्या मुलाला ते जातं. पुरानं बाधित भागात शासनानं परीक्षा शुल्क माफ केलं असेल आणि तुम्ही ते आधीच भरलं असेल, तर परताव्याची यादी विद्यापीठाकडे जाते. तुमचं नाव तिच्यात आहे ना, हे पाहणं तुमचं काम.

मदत घेतली की नाव फलकावर लावता का? फोटो काढता का?

नाही. धनादेशाच्या मोठ्या पुठ्ठ्यामागे पोराला उभं करून पाहुण्यांसोबत फोटो काढायची जी पद्धत पडली आहे, ती मला पटत नाही आणि इथं ती होत नाही. अर्ज दोन शिक्षक आणि प्राचार्य बघतात. लेखापरीक्षकाला नावं दिसतात, कारण ती दिसायलाच हवीत. वर्गात कोणाला कळत नाही. फोटोशिवाय देणगी द्यायला काही जण तयार होत नाहीत. त्यांना आम्ही ग्रंथालयाचं कपाट देण्याचा पर्याय सुचवतो, कपाटावर नाव टाकता येतं.

'कमवा आणि शिका'त काय काम असतं?

ग्रंथालयात पुस्तकं लावणं, प्रयोगशाळेतली मांडामांड, बाग, कार्यालयात नोंदी. तासावर मोबदला, विद्यापीठाच्या दरानं. विद्यापीठाकडून पैसे यायला वेळ लागला तर मधल्या काळात निधीतून दिले जातात आणि नंतर वळते करून घेतले जातात. झाडू मारायला लावतात का, असं एका पालकांनी विचारलं होतं. कधी कधी, हो. शिक्षकही मारतात.

शिकायला वर्गणी मागायची, हे शोभतं का?

या राज्यातलं शिक्षण उभं राहिलंच वर्गणीवर. पुण्यात माधुकरी मागून आणि वार लावून जेवून शिकलेल्यांची पिढीच्या पिढी होऊन गेली. 1885 साली फर्ग्युसन कॉलेज निघालं तेव्हा ज्यांचं नाव दिलं त्या गव्हर्नर साहेबांची देणगी होती 1,200 रुपये. खरा भार उचलला तो महिना 75 रुपयांवर राबणाऱ्या संस्थेच्या आजीव सदस्यांनी, आणि संस्थानिकांचे दरवाजे ठोठावत फिरणाऱ्यांनी. सयाजीराव गायकवाडांनी 1913 साली बाबासाहेबांना कोलंबियाला पाठवलं ते महिना साडेअकरा पौंडांच्या शिष्यवृत्तीवर, आणि परत आल्यावर बडोद्यात नोकरी करण्याच्या करारावर.

पण आमच्यासारख्या ठिकाणी आदर्श कोणाचा घ्यायचा, तर कर्मवीर भाऊराव पाटलांचा. रयत शिक्षण संस्था स्थापन झाली 4 ऑक्टोबर 1919 ला, कराड तालुक्यातल्या काले गावी, दसऱ्याच्या दिवशी. 1924 मध्ये साताऱ्याला सगळ्या जातींच्या मुलांचं एकत्र वसतिगृह सुरू झालं. ते चालवायला त्यांनी मुष्टिफंड काढला. घरातल्या बाईनं दळायला बसताना मूठभर धान्य वसतिगृहासाठी बाजूला टाकायचं, मुलांनी ते आठवड्यानं गोळा करून आणायचं. देणाऱ्या घराला ते जड जात नव्हतं, आणि वसतिगृहातली पोरं आपल्या मुठीवर जगताहेत म्हणून गावाचा त्यांच्यावर डोळाही राहायचा. तरी धान्य संपायचंच. अशा एका वेळी लक्ष्मीबाईंनी, कर्मवीरांच्या पत्नीनं, मुलांच्या जेवणासाठी मंगळसूत्रसुद्धा मोडलं. हे सगळ्यांना माहीत असतं, भाषणातही येतं. मला त्यातला मुष्टिफंडाचा हिशेब जास्त कामाचा वाटतो. एकदाच पन्नास हजार देणारा एक माणूस मिळाला तर आनंदच आहे, पण महिना दोनशे रुपये न चुकता पाठवणारे पन्नास मिळाले तर नोव्हेंबरात कोणाला काय शब्द द्यायचा, हे जूनमध्येच ठरवता येतं.

वडिलांच्या नावानं पहिल्या येणाऱ्या विद्यार्थ्याला बक्षीस ठेवायचं आहे. किती रक्कम लागेल?

जरूर ठेवा, पण आधी थोडं गणित बघू. पंचवीस-तीस वर्षांपूर्वी कोणी 5,000 रुपयांची ठेव दिली तेव्हा व्याज 12 टक्क्यांच्या आसपास होतं, वर्षाला 600 रुपये यायचे आणि त्यात सत्रभराची पुस्तकं यायची. आज साडेसहा टक्क्यांनी त्याच ठेवीचे होतात 325. त्यात हार, नारळ आणि प्रमाणपत्राची चौकट. अशी कित्येक बक्षिसं रजिस्टरात आहेत, दर वर्षी वाटलीही जातात, आणि घेणाऱ्यालाही देणाऱ्यालाही अवघडल्यासारखं होतं.

दुसरं म्हणजे, पहिला येणारा बहुतेक वेळा नियमित वर्गात बसू शकलेला असतो. ज्याचं नाव हजेरीपटावरून गळायच्या बेतात आहे, त्याच्यासाठी वडिलांचं नाव वापरलंत तर? एक लाखाच्या ठेवीवर साडेसहा टक्क्यांनी वर्षाला 6,500 रुपये येतात, तेवढ्यात दोन-तीन मुलांचे एका सत्राचे पास निघतात. ठेव कायमची राहावी असं वाटत असेल तर "ही रक्कम कॉर्पससाठी" असं लेखी द्या. तसं पत्र नसेल तर ती चालू वर्षाची साधी देणगी धरली जाते.

देणगीवर प्राप्तिकरात सूट मिळते का?

संस्थेला 80 जीची मान्यता आहे, तेव्हा रकमेच्या 50 टक्के वजावट मिळते. वर उत्पन्नाच्या 10 टक्क्यांची मर्यादा आहे. 2,000 रुपयांपेक्षा जास्त देणगी रोखीनं दिली तर वजावट मिळत नाही, म्हणून धनादेश किंवा यूपीआय. पॅन द्यायला विसरू नका, कारण नुसत्या पावतीवर आता भागत नाही. संस्था 10 बीडी हे देणग्यांचं विवरण भरते आणि तुम्हाला 10 बीई हे प्रमाणपत्र मिळतं, 2025-26 च्या देणग्यांचं 31 मे 2026 पर्यंत. आणि तुम्ही नव्या करप्रणालीत असाल तर ही वजावट नाहीच. हे आधीच सांगितलेलं बरं, नंतर "तुम्ही बोलला नाहीत" होतं. नाव न सांगता द्यायची इच्छा असेल तर ते नाव कार्यक्रमात घेणार नाही, पण वहीत मात्र नाव-पत्ता लागतोच. निनावी देणग्यांवर एका मर्यादेनंतर संस्थेला कर लागतो.

मी न्यू जर्सीत असतो. थेट कॉलेजच्या खात्यावर पाठवू?

तुमचा पासपोर्ट कोणता, यावर सगळं अवलंबून आहे. भारतीय नागरिकत्व असेल, मग तुम्ही दुबईत असा की जर्सीत, स्वतःच्या कमाईतून बँकेमार्फत पाठवलेली रक्कम परकीय योगदान धरली जात नाही. पासपोर्टची प्रत जोडा, म्हणजे लेखापरीक्षणात अडचण येत नाही. अमेरिकी नागरिकत्व घेतलं असेल तर ओसीआय कार्ड (परदेशी नागरिक झालेल्या भारतीय वंशाच्या माणसाला मिळतं ते) असूनही ती परकीय देणगी ठरते आणि 2010 च्या एफसीआरए या परकीय योगदानाच्या कायद्याखाली नोंदणी असलेल्या संस्थेलाच घेता येते. 2020 च्या दुरुस्तीनंतर तसा पैसा पहिल्यांदा स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतल्या खात्यातच उतरतो. बहुतेक ग्रामीण संस्थांकडे ही नोंदणी नसते, आमच्याकडेही नाही. भावाच्या खात्यावर पाठवून त्याच्या नावानं पावती करू, हा मार्ग दर दिवाळीला कोणीतरी सुचवतं. तो घेऊ नका, तुम्हीही अडकता आणि संस्थाही. त्यापेक्षा सुट्टीत आलात की प्रथम वर्षाच्या मुलांना दोन तास द्या. पदवीनंतर नोकरीचा अर्ज कसा करतात, हे सांगणारं या गावात दुसरं कोणी नाही.

कंपनीच्या सीएसआरमधून, म्हणजे सामाजिक जबाबदारीच्या पैशातून, होईल का?

2013 च्या कंपनी कायद्याच्या 135 व्या कलमाखाली येणाऱ्या कंपन्या मागच्या तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याचे 2 टक्के खर्च करतात. संस्थेची सीएसआर-1 नोंदणी हवी. मात्र कंपन्यांना इमारत, संगणक कक्ष, सौर पॅनेल आवडतं. खाणावळीचं बिल कोणत्याच कंपनीच्या अहवालात शोभून दिसत नाही. म्हणून तिथून यंत्रसामग्री मागावी आणि माणसांसाठी माजी विद्यार्थ्यांकडे यावं, असं आम्ही ठरवलं आहे.

हिशेब कुठं बघायला मिळेल?

सार्वजनिक न्यास म्हणून संस्थेच्या लेख्यांचं परीक्षण वर्ष संपल्यापासून सहा महिन्यांत, म्हणजे सप्टेंबरअखेर व्हायला हवं, आणि अहवाल धर्मादाय आयुक्तांकडे जातो. तेव्हा मागच्या वर्षाचा हिशेब मागण्याची योग्य वेळ हीच. निधीचं खातं वेगळं आहे. किती आले, कोणत्या कारणासाठी किती गेले, हे माजी विद्यार्थी मेळाव्यात वाचून दाखवलं जातं. कोणीही देणगीदार कार्यालयात येऊन वही उघडून बघू शकतो. महाविद्यालयांचं मूल्यांकन करणाऱ्या नॅकची समिती यायची असली की माजी विद्यार्थ्यांच्या योगदानाच्या निकषासाठी जुन्या पावत्यांची शोधाशोध होते, तशी वेळ न आणलेली बरी.

तुळशीच्या लग्नानंतर मुलीचं लग्न आहे. पुढं शिकता येईल ना? शिष्यवृत्ती बंद होईल का?

शिकता येईल आणि शिष्यवृत्तीही बंद होत नाही. अनुसूचित जातीच्या मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीत लग्न झालेल्या, नोकरी नसलेल्या मुलीच्या बाबतीत नवऱ्याचं उत्पन्न बघतात, त्यामुळे दाखला नवा काढावा लागतो. नॉन-क्रिमीलेअर मात्र आई-वडिलांच्याच स्थितीवर ठरतं. नाव लगेच बदलू नका. पदवी हातात येईपर्यंत गुणपत्रिका, आधार आणि बँक, तिन्हीकडे माहेरचंच नाव ठेवा, नाहीतर महाडीबीटीवर एकही गोष्ट जुळत नाही.

सासरच्यांशी बोलणी करताना परीक्षेच्या तारखा सांगून ठेवा. बैठकीत कबूल झालेली गोष्ट नंतर मोडणं जरा अवघड जातं. आणि घाई नसेल तर लग्न मे महिन्यात धरा. हा सल्ला विचारलेला नाही, तरी देतो.

शैक्षणिक कर्ज?

पीएम विद्यालक्ष्मी योजना देशातल्या निवडक संस्थांसाठी आहे, आपण त्यात बसत नाही. एम.एस्सी.ला किंवा एम.बी.ए.ला चांगल्या ठिकाणी प्रवेश मिळाला तर तेव्हा विचार करा. बी.ए.साठी कर्ज काढू नका.

पुरात कागदपत्रं गेली.

गुणपत्रिकेच्या दुय्यम प्रतीसाठी बोर्डाकडे आणि विद्यापीठाकडे अर्ज होतो. डिजिलॉकरमध्ये दहावी-बारावीच्या प्रती बहुधा मिळून जातात. तोवर आमच्याकडच्या प्रवेशअर्जाला जोडलेल्या झेरॉक्स साक्षांकित करून देतो. पंचनाम्याची प्रत असेल तर जपून ठेवा, तलाठ्याकडे पुन्हा जायला लागू नये.

मन लागत नाही, खोलीवर एकटं वाटतं. हे कोणाला सांगायचं?

ज्या शिक्षकांशी मोकळेपणानं बोलता येतं, त्यांना. विषय कोणता शिकवतात याला महत्त्व नाही. शंभर किंवा जास्त विद्यार्थी असलेल्या संस्थेत समुपदेशक हवा, असं सर्वोच्च न्यायालयानं जुलै 2025 मध्ये सांगितलं आहे. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य सेवेचा 14416 हा क्रमांक चोवीस तास मोफत आहे आणि मराठीत बोलता येतं. रात्री बोलावंसं वाटलं तर सकाळची वाट बघू नका. सणाला सगळी खोली रिकामी झाली आणि तुम्ही एकटेच उरलात, असं दिसत असेल तर आधी सांगा. दिवाळीत इथं थांबणाऱ्या मुलांची यादी करतो आणि गावातली घरं वाटून घेतो. फराळाला हाक येते, जायचं.

पैशाऐवजी धान्य दिलं तर चालेल?

ज्वारी, तूर डाळ, तेल चालतं. खाणावळीत जमा होतं आणि तेवढं मुलांच्या बिलातून वजा होतं. तांदूळ सध्या नको, भरपूर आहे. जुने कपडे नकोत. स्पर्धा परीक्षांची पाच वर्षांपूर्वीची पुस्तकंही नकोत. सायकल चालेल, पण चालती द्या. कार्यालय लक्ष्मीपूजनापासून भाऊबीजेपर्यंत बंद असतं, बाकी दिवस अकरा ते पाच कोणीतरी टेबलावर असतंच.